‘बंद केलं’चा फोन

ट्वायला एकहॉफ बटाट्यांच्या फोडी करत होती, तेव्हा हार्लनचा फोन आला.

"चालू केलं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं बोलणं इतकं आटतं का, असं ऐकणाऱ्याला वाटेल. पण त्या दोन शब्दांसाठी ट्वायलाने हार्लनशी एक अख्खा हिवाळा भांडण केलं होतं. कोठीचं यंत्र चालू केलं की फोन करायचा, बंद केलं की दुसरा करायचा. मधल्या वेळात तिने काय वाटेल ते करावं, पण त्याला फोन करून सतावू नये, ही हार्लनची अट. दोघांनी आपापला अर्धा हट्ट सोडला होता आणि तेवढ्यावर घर शांत होतं.

कोठी म्हणजे जुन्या वस्तीवरची मक्याची पत्र्याची कोठी. हार्लनच्या आईवडिलांचं घर पूर्वी तिथे होतं. घर पाडलं, झाडं राहिली आणि दुमजली घराएवढ्या दोन गोल कोठ्या राहिल्या. ट्वायलाच्या घरापासून ती जागा खडीच्या रस्त्याने दहाएक मिनिटांवर. यंदाचा मका शेतात वाळून उभा होता, कापणी तोंडावर आली होती, आणि एका कोठीत अजून गेल्या वर्षीचा मका पडून होता. भाव वाढेल, वाढेल म्हणत हार्लनने तो ठेवून घेतला. भाव काही वाढला नाही, उन्हाळ्यात दमट हवा मात्र आत शिरली. आता नव्या पिकाला जागा हवी म्हणून तो रोज एक ट्रक भरून सोसायटीच्या गोदामात नेऊन टाकत होता.

यात भिण्यासारखं काय आहे, असं शहरातला माणूस विचारील. कोठीच्या तळाशी एक लांब मळसूत्र फिरतं आणि मका बाहेर ओढून ट्रकमध्ये टाकतं. ते फिरत असताना आत माणूस असला, तर मका त्याला पाय धरून खाली नेतो. मका पाण्यासारखाच वाहतो, पण पाण्यात निदान पोहता येतं. आणि मका दमटला असला तर आणखी वाईट. वरचा थर बुरशीने घट्ट होऊन पापडासारखा बसतो, खालचा मका निघून जातो, आणि मध्ये पोकळी राहते. वरून पाहणाऱ्याला वाटतं, भरलेली आहे कोठी. मका येईनासा झाला की माणूस हातात लोखंडी कांब घेऊन आत उतरतो, थर फोडायला. ‘मिनिटभर’ म्हणून उतरतो. या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे सगळं तोंडपाठ आहे, आणि त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी आत उतरलेला आहे. कळतं पण वळत नाही. दर दोन-चार वर्षांनी आसपासच्या कुठल्या तरी गावात एक जण उतरतो आणि वर येत नाही. मग चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस आणि बटाट्याचं सॅलड होतं, सगळे मान हलवतात, आणि पुढच्या कापणीला पुन्हा ‘मिनिटभर’.

ट्वायलाने फोडी मोठ्या ट्रेमध्ये पसरल्या. वर गाजरं, कांद्याचे जाड चतकोर, बारक्या कोबीच्या अर्ध्या केलेल्या गड्ड्या. तेल, मीठ, मिरपूड घालून हातानेच कालवलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. पोर्कचे काप सकाळीच फ्रीझरमधून काढून ठेवले होते. शेजाऱ्याचं डुक्कर दर शरदात खाटकाकडे जायचं, त्यातलं अर्धं एकहॉफांचं. काप दोन बोटं जाड होते. त्यांना तिने मोहरीची चटणी आणि थोडी तपकिरी साखर चोळून ठेवली होती. भाज्या अर्ध्या शिजल्या की त्यांच्यात जागा करून काप मांडायचे. आधी मांडले तर चामडं होतं. हार्लनच्या आईने पोरांना आयुष्यभर चामडंच घातलं. आत जरा गुलाबी दिसलं की पोटात जंत होतात, अशी त्या पिढीची धास्ती. हार्लनला अजूनही गुलाबी चालत नाही. म्हणून ट्वायला त्याचा काप कडेला, जिथे आच जास्त लागते तिथे ठेवायची.

कापणीच्या दिवसांत सगळ्या बायका हेच करतात. एक ट्रे, एक आच, भांडी घासायची कटकट नाही. झालं की वर चांदीचा कागद ओढायचा आणि शेतावर न्यायचं. सोपं जेवण. पण ट्वायलाला त्या सोपेपणाचीच भीती वाटायची. रस्सा ढवळत असलं, पोळपाटाशी असलं की मन हाताबरोबर फिरतं. ट्रे एकदा आत गेला की करायला काही उरत नाही. हात रिकामे, डोकं मोकळं, आणि मोकळ्या डोक्यात ट्वायलाच्या बाबतीत एकच पाहुणा येऊन बसायचा. मन चिंती ते वैरी न चिंती.

ती लहानपणापासून अशीच. शाळेची बस उशिरा आली की उलटली असेल. आभाळ हिरवट दिसलं की वादळच. मुलगी मिनियापोलिसला नोकरीला गेली तेव्हा ट्वायलाने तिच्या गाडीत दोन ब्लँकेटं, मेणबत्त्या, फावडं आणि सुकामेव्याची पिशवी ठेवली, तेही जून महिन्यात. गावात तिला चिडवायचे. चर्चमध्ये पाद्री म्हणायचे, "ट्वायला, थोडी काळजी देवालाही करू दे." ती हसायची. तिला त्या चिडवण्याचा राग यायचा नाही.

राग आला होता तो हार्लनला, दोन वर्षांपूर्वी.

त्या वेळी ‘चालू’चा फोन आला होता आणि ‘बंद’चा आलाच नाही. ट्वायलाने तासभर वाट पाहिली, चार वेळा फोन केला आणि शेवटी आगीचा बंब बोलावला. आमच्या गावचा बंब पगारी नाही. गॅरेजवाला बच मीस्टर त्याचा प्रमुख, सोसायटीच्या काउंटरवरचा कर्ट, आणि बाकीचे सगळे शेतकरी. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. ऐन कापणीत दहा-बारा जणांनी आपली यंत्रं शेतात उभी केली आणि जुन्या वस्तीकडे गाड्या पिटाळल्या. तिथे हार्लन पिकअपमध्ये रेडिओ लावून, टोपी डोळ्यांवर ओढून घोरत होता.

मग काय विचारता! तो हिवाळा हार्लनला सोसायटीत कॉफी पिणं मुश्किल झालं. तो दारातून आत आला की कर्ट काउंटरवरून ओरडायचा, "हळू बोला रे, हार्लन झोपेल! नाहीतर बंब बोलवावा लागेल!" कुणीतरी त्याच्या पिकअपच्या सीटवर खेळण्यातला बंब ठेवला. गॅरेजमध्ये त्याचं बिल ‘श्रीयुत निद्रानाथ’ या नावाने निघालं. हार्लन लोकांत हसून घ्यायचा, आणि घरी आला की आठवडेच्या आठवडे ट्वायलाशी धड बोलायचा नाही. एकदा मात्र बोलला.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझी काळजी तुझ्यापाशी. पण त्या माणसांचा ऐन कापणीतला अर्धा दिवस गेला तुझ्यामुळे. परत असं करायचं नाही. आधी स्वतः यायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि मग काय ते. शब्द दे."

तिने शब्द दिला होता. चर्चच्या बाकावर बसून द्यावा तितक्या गंभीरपणे.

ओव्हनची घंटी झाली. तिने ट्रे बाहेर काढला, भाज्या उलथ्याने बाजूला सारून काप मांडले, हार्लनचा कडेला. ट्रे परत आत गेला. एव्हाना ट्रक भरायला हवा होता. मका नीट येत असला तर ट्रक भरायला फार वेळ लागत नाही. ‘बंद केलं’चा फोन यायला हवा होता.

तिने टेबल पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं. मका नीट येत नसेल. काल संध्याकाळी हार्लनच म्हणाला होता, "गठ्ठे व्हायला लागलेत, मध्येच अडकतो." तिने विचारलं होतं, "मग काय करतोस?" तो म्हणाला होता, "खालून ठोकतो." आणि मग टीव्हीवरचं हवामान बघत बसला. खोटं बोलताना हार्लन नेहमी हवामान बघायचा.

अट मोडायची नाही म्हणून तिने फोन उचलला नाही. मग उचलला, नुसता हातात धरला. मग लावला. घंटी वाजत राहिली. ट्रक चालवत असेल. ट्रक चालवत असेल तर ‘बंद’ केलेलंच असणार, आणि केलेलं असेल तर फोन का नाही? विसरला असेल. हार्लन विसरायचा. आईचा वाढदिवस विसरायचा, चष्मा विसरायचा. पण हा फोन दोन वर्षांत एकदाही विसरला नव्हता. तिला चिडवायला का होईना, न चुकता करायचा. "बंद केलं, सरकार," असं म्हणायचा.

तिने पुन्हा लावला. पुन्हा घंटी.

घरात पोर्क आणि कांद्याचा खमंग वास भरला होता. तिने खिडकी उघडली. भीती म्हणजे काय, ते तिला नव्याने सांगायला नको होतं. आयुष्यभर येत होती. पण आज ती नेहमीसारखी येऊन-जाऊन नव्हती. आली आणि बसून राहिली.

ओव्हन पुन्हा वाजला. तिने ट्रे काढला. कापात सुई खुपसून पाहायची तिला शुद्ध नव्हती. वर चांदीचा कागद ओढला, ट्रे जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. हार्लन धडधाकट भेटला तर म्हणायचं, म्हटलं गरम-गरम इथेच खाशील. तपासायला आले असं त्याला वाटता कामा नये. गाडीच्या डिकीत कागदी थाळ्या आणि काटे कापणीभर असायचेच. सोंग पुरतं होतं.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना वाळलेला मका भिंतीसारखा. ट्वायलाने एवढ्या वेगाने गाडी कधी चालवली नव्हती. खडी उडून खालून ताडताड लागत होती. अर्ध्या वाटेवर चौक लागतो. डावीकडे गाव, सरळ जुनी वस्ती. तिथे थांब्याची लाल पाटी आहे. चारी बाजूंना चिटपाखरू नव्हतं, तरी ती थांबली. आयुष्यात तिने ती पाटी न थांबता कधी ओलांडली नव्हती.

आणि थांबली ती थांबलीच. जाऊन डोळ्यांनी बघायचं, हा शब्द होता. आणखी पाच मिनिटं. समजा गेले, समजा शिडी चढले, समजा बघितलं. मग? तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि झालं ते इतकं सोपं होतं की दोन वर्षांत सुचलं कसं नाही याचंच तिला नवल वाटलं. तिने फोन उचलला.

पोलीस ठाण्यात मदतीचे फोन घेणाऱ्या मुलीने उचलला. आवाज तरुण होता, शांत होता. "काय झालंय?"

"मला माहीत नाही," ट्वायला म्हणाली. "माझा नवरा मक्याच्या कोठीवर आहे. यंत्र चालू आहे. तो फोन उचलत नाही."

"तुम्ही तिथे आहात का?"

"नाही. वाटेत आहे."

पलीकडे कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला. मग मुलगी जपून म्हणाली, "बाई, नाव काय म्हणालात?"

"ट्वायला एकहॉफ."

कळफलकाचा आवाज थांबला. ते नाव ठाण्यातही माहीत होतं तर! "एकहॉफबाई," मुलगी म्हणाली, "आधी एकदा जाऊन बघता का? तुम्ही जवळच असाल तर..."

"बघून दिसणार काय?" ट्वायला ओरडली. आपण ओरडू शकतो हे तिलाच नवीन होतं. "तो वर असेल तर दिसेल. आत असेल तर काय दिसणार, मका! आणि मका बघून मी तुला फोन करायचा? तोवर उरेल का तो? पाठव, पोरी! हसू देत मला. पाठव!"

"पाठवते," मुलगी म्हणाली.

काच खाली केल्यावर गावाकडून भोंगा ऐकू आला. आधी खालच्या पट्टीत, मग चढत चढत वर. आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. हार्लन धड असेल तर तो मला या जन्मी माफ करणार नाही. आणि मग तिने जे मागितलं ते तिने कुणाला कधी सांगितलं नसतं. देवा, नको करू दे माफ, ती म्हणाली. जन्मभर नको करू दे.

जुन्या वस्तीवर यंत्राचा आवाज घुमत होता. ट्रक अर्धा भरलेला. नळीतून मका येत नव्हता, मळसूत्र नुसतंच कोरडं फिरत होतं. पिकअपचं दार उघडं, फोन सीटवर चार्जिंगला लावलेला, त्यावर तिच्याच फोनांची रांग. हार्लन कुठे नव्हता.

तिने आधी यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत दुरून बंबाचे कर्णे यायला लागले. "हार्लन!" तिने हाक मारली.  मग आणखी जोरात मारली. "हार्लन!"

कोठीच्या पलीकडच्या बाजूने पत्र्यावर बूट वाजला. मग दुसरा. ती वळसा घालून धावली. शिडीवरून हार्लन उतरत होता. हळूहळू, पायरी चाचपत, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, उंचीला भिणाऱ्या माणसासारखा. तो या शिडीवर लहानपणापासून माकडासारखा चढत आला होता. खाली पोचल्यावरही त्याने दांडा लगेच सोडला नाही.

ट्वायला कोठीच्या पत्र्याला टेकली. आणि लगेच दुसरी भीती आली, पहिलीची जागा रिकामी होण्याची वाटच बघत होती जणू.

"जेवण आणलंय," ती म्हणाली. "म्हटलं, गरम-गरम इथेच..."

"बंब तू बोलावलास?" हार्लन म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"हो."

"न बघता?"

"हो."

तो पिकअपच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. चेहरा पांढराफटक झाला होता. रागाने, असं ट्वायलाला वाटलं. तिने त्याला रागाने लाल झालेलं पाहिलं होतं, पांढरं कधीच नाही. म्हणजे हा राग निराळाच, तिने हिशेब केला.

मग धुराळा उडवत सगळे आले. मोठा बंब, मागे पाच-सहा पिकअप. पत्रा कापायची करवत, मक्यात रुतलेल्या माणसाभोवती उभ्या करायच्या फळ्या, दोर. बच मीस्टर बंब थांबायच्या आत उतरला आणि पळत कोठीकडे निघाला, आणि फळीवर बसलेला हार्लन दिसताच थबकला. सगळेच थबकले. मक्याच्या धुळीने माखलेले, घामेजलेले, हातमोजे घातलेले पुरुष. कुणी हार्लनकडे बघितलं, कुणी ट्वायलाकडे. मग कर्टने हेल्मेट काढलं.

"काय रे हार्लन," तो म्हणाला, "यंदा बसून झोपलास?"

जो हशा पिकला तो पार शेवटच्या पिकअपपर्यंत गेला. त्यात दुष्टावा नव्हता. जिवाच्या आकांताने आलेला माणूस, काही झालेलं नाही म्हटल्यावर हसतोच. पण ट्वायलाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. लांडगा आला रे आला, दुसऱ्यांदा. तिने डिकीतून कागदी थाळ्या काढल्या. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, ही इथली रीत. बोलावून फुकट पळवलेल्या माणसाला तर नाहीच. तिने चांदीचा कागद काढला. काप जरा जास्तच झाले होते. दोघांचं आणि उद्याचं असं जेवण होतं, ते तिने सुरीने तुकडे करून डझनभर थाळ्यांत बसवलं. दोन तुकडे पोर्क, बटाटे, गाजर, कांदा.

"माफ करा," ती प्रत्येकाला म्हणत होती. "कापणी सोडून आलात. माफ करा."

"अहो, असू दे," बच म्हणाला. तो हसत नव्हता. मागे एकदा शेजारच्या गावात त्याने एकाला मक्यातून बाहेर काढलं होतं, सहा तास लागले होते, आणि काढला तो जिवंत नव्हता. "असं वाटलं तर बोलवायचंच."

"दरवर्षी बोलवा!" कर्ट तोंडात बटाटा घेऊन म्हणाला. "मागच्या वेळी नुसती धूळ खाऊन गेलो होतो. या वेळी पोर्क आहे. सुधारणा आहे मंडळी! पुढच्या वर्षी सोबत ॲपल पायसुद्धा होईल. हार्लन, तू झोपत जा रे बाबा, आमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

पुन्हा हशा. ट्वायलाने उरलेली थाळी हार्लनपुढे नेली. कडेचा काप, त्याचा. त्याने थाळी घेतली आणि मांडीवर ठेवली. काटा त्याने उचललाच नाही.

"हसू नका," हार्लन म्हणाला.

तो इतकं हळू बोलला की कर्टला ऐकूच गेलं नाही. "काय?"

"हसू नका तिला." त्याने थाळी बाजूला ठेवली. "मी वर कोठीचं झाकण उघडून बसलो होतो. एक पाय आत होता. मका येईना, म्हटलं मिनिटभर उतरतो, मधोमध चार ठोसे मारतो. तेवढ्यात गावात भोंगा वाजला. मी मनात शोधत होतो, कुणाच्या शेतावर, कुणाच्या घरी काय झालं असेल. मग चौकात हिची गाडी दिसली, वरून सगळं दिसतं. म्हटलं, झालं. ही आपल्यासाठीच बोलावतेय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "असा संताप आला! पाय बाहेर काढला आणि हातातली कांब दिली आत भिरकावून. रागाने. मक्यावर."

कुणी खात नव्हतं.

"कांब पडली आणि तिच्यामागोमाग सगळंच पडलं," हार्लन म्हणाला. "मधला सगळा थर. नुसता खाली गेला. कांब दिसलीसुद्धा नाही कुठे गेली. आणि यंत्र चालूच होतं."

बच मीस्टरने थाळी बंबाच्या पायरीवर ठेवली, खिशातून बॅटरी काढली आणि शिडी चढला. वर झाकणापाशी तो बराच वेळ वाकून बघत राहिला. खाली सगळे माना वर करून उभे. तो उतरला तेव्हा कर्टने विचारलं, "किती?"

"तळ दिसत नाही," बच म्हणाला. एवढंच. मग तो यंत्राच्या डब्याकडे गेला, खटका खाली आहे ना ते पाहिलं, आणि त्याच्या कडीत स्वतःचं कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. "उद्या आम्ही येतो. बाहेरून मोकळं करू. तोवर इथे कुणी पाय ठेवायचा नाही."

कर्ट ट्वायलाकडे बघत होता. मग एकेक करून सगळेच बघायला लागले, आणि एकाने तर टोपी काढली. त्यांच्या नजरेत आदर होता. ट्वायलाला वाटायला हवं होतं, बघा, मी सांगत नव्हते? गेली चाळीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती असं कुणालाही वाटेल, ते झालं होतं. ती खरी ठरली होती.

पण तिला थंडी वाजून आली. दात वाजायला लागले. खरं ठरायचंच नव्हतं तिला. रात्री-अपरात्री छाती धडधडायची तेव्हा ती स्वतःला काय सांगायची? की तू आहेसच अशी, वेडी, भित्री. सगळा गाव हसतो तुला, आणि एवढा गाव हसतो म्हणजे काही होणार नाही. त्या हसण्यावर तिने आयुष्य काढलं होतं. बस वेळेवर यायची, वादळ बाजूने जायचं, मुलीचा फोन यायचा, लोक हसायचे आणि तिला झोप लागायची. आणि आज एवढे बाप्ये तिच्यासमोर गप्प उभे होते.

"कर्ट," ती म्हणाली, "बोल ना रे काहीतरी."

कर्टने थाळी खाली ठेवली.

"झोपला होता म्हण. काहीही म्हण." ती बाकीच्यांकडे वळली. "हसा ना रे कुणीतरी."

कुणीच हसलं नाही. हार्लन फळीवरून उतरला, तिच्याजवळ आला, आणि एवढ्या माणसांत त्याने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. तिचे पोर्कच्या तेलाने माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याचेही थरथरत होते, त्यामुळे कोण कुणाला सावरतंय ते काही समजेना.